यादी तुघलक टायगर्सची, गुडघे खंडेरावांचे

"दिल्लीत मराठीसारखं कुलूप नाही!" श्रावस्तीने जाहीर केलं आणि आईचा काळा ब्लेझर अंगात चढवला.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. मे महिन्यातला रविवार. द्वारकेतली कुत्रीसुद्धा एसीचं पाणी टपकतं तिथे नंबर लावून बसली होती.

"अगं, उकडून बटाटा होशील!" आई म्हणाली.

"होऊ दे. पण मोठा बटाटा दिसेन ना!"

मोठं दिसणं गरजेचंच होतं. अकरावीतली श्रावस्ती त्या दिवशी चार वाजता कॅनॉट प्लेसच्या एका हॉलमध्ये तुघलक टायगर्सच्या मॅनेजमेंटसमोर बोलणार होती. तुघलक टायगर्स म्हणजे तिचा जीव की प्राण असलेला फुटबॉल क्लब. यंदा शेवटून दुसरा आला होता. ज्याने कुणी क्लबला हे नाव ठेवलं त्याला साष्टांग दंडवत, कारण कारभारही अगदी नावाला जागून चालायचा. चांगल्या खेळाडूला विकायचं, मग तसाच दुसरा दुप्पट पैशांत आणायचा आणि त्याला बाकावर बसवायचं!

पण यंदा क्लबला अक्कल आली. हंगाम संपल्यावर त्यांनी फॅन क्लबला कळवलं, की कुणाला ठेवायचं, म्हणजे 'रिटेन' करायचं, आणि कुणाला सोडायचं याबद्दल तुमचंही ऐकू, एक जण पाठवा, दोन मिनिटं देऊ. ग्रुपवर रोहिणीपासून फरिदाबादपर्यंतचे चाळीस दादा-काका. त्यात मुलगी एकच. एका काकांनी लिहिलं, "बच्ची है यार, क्या बोलेगी?" झालं! गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायलाही जी घाबरायची, त्या श्रावस्तीने एका संध्याकाळी सलग त्रेसष्ट मेसेज टाकले. प्रत्येकात आकडेवारी. शेवटी थकून सगळ्यांनी तिलाच पाठवायचं ठरवलं. आता तिथे जाऊन ती अडखळली असती, तर "बच्ची है" हे चार शब्द... बरं, दोन शब्द, पण जन्मभर चिकटले असते.

सोबतीला दोन सल्लागार होते. एक तिचा मावसभाऊ मानस. लातूरहून यूपीएससीच्या तयारीला आलेला. तीन वर्षं उत्तरं लिहून लिहून तो चहा हवा का या प्रश्नालाही "एकीकडे... तर दुसरीकडे..." असं उत्तर द्यायचा. दुसरी शेजारची प्रणिताताई. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआरमध्ये. रविवारीसुद्धा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. नवा माणूस भेटला की आधी त्याचा नोटीस पिरियड विचारणारी!

मेट्रोत श्रावस्तीने तीन नियम घालून दिले.

"एक, यादीबद्दल फक्त मराठीत बोलायचं. कॅनॉट प्लेसमध्ये आज आपल्याच ग्रुपचे लोक फिरत असतील. माझे पॉइंट चोरून आधीच ग्रुपवर टाकतील. दोन, कुणाचंही नाव घ्यायचं नाही. नावं सगळ्या भाषांत सारखीच असतात! आणि तीन, गोल, बॉल, मॅच, पेनल्टी, एकही शब्द तोंडातून निघता कामा नये."

"मग बोलायचं काय?" मानसने विचारलं.

"वर्णन करायचं, दादा! लोकांना काय, वाटेल सासू-सुनेचं चाललंय."

कुलपाची ही युक्ती काही नवी नव्हती. दिल्लीत वाढलेल्या मराठी पोरांना ती बाळघुटीतून मिळते. भाजीवाल्यासमोर "महाग सांगतोय, चल" म्हणायचं, रिक्षावाल्यासमोर "याच्या मिशा बघ" म्हणायचं, आणि चेहरा असा ठेवायचा जणू हवामानाबद्दल बोलतोय. आजवर कुलूप कधीच उघडलं नव्हतं.

"जेवायला कुठे?" प्रणिताताईने विचारलं.

"कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागे एका गल्लीत मस्त जागा आहे," मानस म्हणाला. "झुणका-भाकरी ए-वन. आणि बिल्कुल शांत."

जागेचं नाव होतं 'गोदाकाठ भोजनालय'. पाटी मराठीत. खाली बारीक अक्षरांत 'मराठी बांधवांसाठी'. तिघांनी ती पाटी वाचली. तिघांना वाचता येतं! तिघं आत गेले. आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काहीही वाजलं नाही.

"भैया, तीन थाली! और पानी ठंडावाला!" श्रावस्तीने ऑर्डर सोडली. घराचा उंबरा ओलांडला की जिभेवर हिंदी, ही सवयच.

"जी मैडम," वाढपी म्हणाला. तो होता समाधान, परभणीचा. चार वर्षं दिल्लीत. गिऱ्हाईक हिंदीत बोललं की हिंदीत उत्तर द्यायचं, ही त्याचीही सवयच.

आता एक गोष्ट श्रावस्तीला नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगितलेली बरी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांच्या इस्पितळात घडतंय असं वाटेल. 'गोदाकाठ' चालवणाऱ्या मंडळाची एक समिती होती. मे अखेरीस सगळ्यांची कंत्राटं संपत होती आणि समितीने निरोप धाडला होता, "या आठवड्यात कुणीतरी येऊन काम पाहून जाईल." कोण, कधी, काही नाही. आणि त्याच आठवड्यात, भर उन्हात, ब्लेझर घातलेली एक मुलगी, लॅपटॉपवाली एक बाई आणि जाड फाइल काखेत मारलेला एक चष्मेवाला तरुण येऊन मधल्या टेबलावर बसले.

प्रणिताताईने लॅपटॉप उघडला. "मर्यादा वरून आलेली आहे. सगळ्यांचा मिळून पगार शंभराच्या वर जाता कामा नये. आत्ता आहे एकशे बारा."

"म्हणजे कुणीतरी जाणार," श्रावस्ती म्हणाली.

"जाणारच. मे अखेरीस कॉन्ट्रॅक्ट संपतायत. नोटीससुद्धा द्यायला नको!"

समाधानने ग्लास भरला. मग ग्लासाशेजारचं टेबल भरलं. मग मानसची मांडी भरली.

"अरे भैया!"

"सॉरी सर, सॉरी!" समाधान आत पळाला, पण स्वयंपाकघराच्या पडद्यामागेच थांबला. कान बाहेर.

"सगळ्यात आधी म्हातारा," श्रावस्तीने बोट उगारलं. "शंभरातले तीस एकटा म्हातारा खातो! आणि करतो काय? मागे उभा राहून पुढच्यांवर ओरडतो."

"एकीकडे वय आहे," मानस म्हणाला, "तर दुसरीकडे संस्थेच्या परंपरेत त्याचं योगदान..."

"दादा, हे पंधरा मार्कांचं नाहीये! गुडघे गेलेत त्याचे. खाली वाकेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आणि यंदा हातातून निसटलं किती! जानेवारीत आठवतं? सरळ हातात आलेलं सोडलं. दोनशे लोक समोर बघत होते!"

पडद्यामागे खंडेराव आचारी आमटी ढवळत होते ते थांबले. खंडेराव एकसष्ट वर्षांचे, मूळचे जालन्याचे, अकरा वर्षं 'गोदाकाठ'चे मुख्य आचारी. स्वयंपाकघराच्या मागच्या टोकाला उभं राहून पुढच्या पोरांवर ओरडणं हे त्यांचं कामच होतं. गुडघ्यांचं सगळ्यांना माहीत होतं. पण जानेवारी! चौदा जानेवारीला पानिपतच्या काला अंब युद्धस्मारकाला जाऊन आलेल्या चार बसगाड्या जेवायला उतरल्या होत्या आणि त्या दोनशे माणसांसमोर खंडेरावांच्या हातून बासुंदीचं अख्खं पातेलं सुटलं होतं. मंडळात त्याला अजून पानिपतची चौथी लढाई म्हणतात.

"यांना जानेवारीचंही माहीत आहे," खंडेराव पुटपुटले. "आणि तीस मी खातो? अरे, मी चहात साखर घेत नाही!"

"काका, ती ब्लेझरवाली मुख्य आहे," समाधान कुजबुजला. "वय बघा. हल्ली पोरी शाळेतून निघाल्या की डायरेक्ट अधिकारी होतात."

"तूप वाढ त्यांना. जास्त!"

टेबलावर तूप आलं. मग न मागता दुसरी भाकरी. मग मिरचीचा ठेचा, कुरडया, भरली वांगी आणि वाटीभर आमरस.

"भैया, ये तो हमने मँगाया नहीं," प्रणिताताई म्हणाली.

"आपके लिए मैडम. खास."

श्रावस्तीने ब्लेझरची कॉलर नीट केली. "बघितलंत? आत्मविश्वास असला ना, की जगही वेगळी वागणूक देतं!"

आणि आमरस ओरपून ती आणखी पेटली. "आता तो नखरेल! कामापेक्षा केसांवर मेहनत जास्त. कोपऱ्यात उभा राहतो आणि वाट बघतो, कुणीतरी आणून हातात... म्हणजे पायात... म्हणजे समोर देईल म्हणून. स्वतः पळायला नको!"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या समाधानचा हात आपोआप डोक्याकडे गेला. त्याचे केस जेल लावून असे उभे केलेले होते, की वर पापड ठेवला असता तर राहिला असता. तो गायब झाला. दोन मिनिटांनी परत आला तेव्हा केस नळाखाली धुऊन कपाळाला चिकटलेले आणि कानांवरून पाणी टपकत होतं. आणि त्याने पळायला सुरुवात केली! पाण्याचा जग आणायला पळत, लिंबाची फोड आणायला पळत, मीठ आणायला पळत. एका वळणावर पाय घसरला, पण पडतापडता त्याने ताकाचा पेला असा वरच्या वर सावरला की मानस "वा!" म्हणाला.

"त्याच्याऐवजी मिझोरमची दोन पोरं मिळतायत," प्रणिताताई आकडे टाकत म्हणाली. "वीस-वीस वर्षांची. दोघं मिळून याच्या अर्ध्या पगारात."

पडद्यामागून दबका आवाज आला, "मिझोरमचा माणूस झुणका करणार?"

"कोण बोललं?" मानसने मान वळवली.

"रेडिओ असेल," श्रावस्ती म्हणाली. "तू विषयावर ये!"

आणि तेव्हाच पडदा बाजूला करून खंडेराव बाहेर आले. खांद्यावर ज्वारीच्या पिठाचं वीस किलोचं पोतं. चेहऱ्यावर असं हसू, जसं पासपोर्टच्या फोटोत कुणी हसायला गेलं तर येईल. ते टेबलासमोर उभे राहिले. "नमस्ते जी," म्हणाले. आणि पोतं खांद्यावर ठेवूनच उठाबशा काढू लागले.

"एक! दो! तीन!"

तिघं घास हातात धरून बघत राहिले.

"हे रोज असतं?" श्रावस्तीने ओठ न हलवता विचारलं.

"मी रविवारी पहिल्यांदाच आलोय," मानस म्हणाला. "रविवारचं काही आकर्षण असावं."

"सात! आठ!" नवव्याला गुडघ्यातून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. खंडेरावांचं हसू आणखी रुंद झालं. डोळ्यांत पाणी, पण हसू जागच्या जागी! "दस!"

तिघांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. प्रणिताताई "क्या बात है!" म्हणाली. खंडेराव पिठाने पांढरे झालेले, छाती पुढे काढून, भिंतीचा आधार घेत घेत आत गेले. आत गेल्यावर समाधानला म्हणाले, "वाचलो रे. आता श्रीखंड मी स्वतः नेतो."

पण बाहेर तीन वाजून गेले होते. श्रावस्तीने घड्याळ पाहिलं. "ताई, दादाचं मत 'ठेवा', माझं 'काढा'. तुझं काय? लवकर!"

प्रणिताताईने एक सुस्कारा सोडला. "मन नाही होत. पण आकडे आकडेच असतात. म्हाताऱ्याला जाऊ दे."

"डन! निरोप मात्र जोरदार देऊ. शाल, श्रीफळ, फोटो. लोक दोन दिवस रडतील. तिसऱ्या दिवशी तिथे नवा माणूस उभा केला, की विसरतील!"

असं म्हणून ती वळली, तर मागे खंडेराव उभे. हातात श्रीखंडाची मोठी वाटी. त्यांनी ती वाटी टेबलावर ठेवली. मग कमरेचा एप्रन सोडला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि वाटीशेजारी ठेवली.

"मॅडम," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "शाल नको. मे महिन्यात शाल घेऊन मी काय करू?"

श्रावस्तीने चमचा खाली ठेवला.

"गुडघे दुखतात, खरंय. बासुंदी सांडली, तेही खरंय. पण अकरा वर्षांत चव एक दिवस सांडू दिली नाही. काढायचं तर काढा. पण तीस खातो म्हणालात ना, ते मागे घ्या."

आणि अशा नाजूक क्षणी श्रावस्तीच्या तोंडून निघालं काय?

"काका... तुम्हाला मराठी येतं?"

"मॅडम," खंडेराव म्हणाले, "जागेचं नाव गोदाकाठ आहे."

मानसने फाइलीने तोंड झाकलं. श्रावस्तीचे कान ठेच्यासारखे लाल झाले. "काका, नाही हो! तुम्ही नाही! आम्ही कुणी नाही आहोत! म्हणजे... मी अकरावीत आहे!" तिने ब्लेझर काढून फेकला. आत शाळेच्या स्पोर्ट्स डेचा टी-शर्ट. "फुटबॉल! म्हातारा म्हणजे आमचा गोलकीपर! कॅप्टन! जानेवारीत त्याच्या हातातून बॉल सुटला!"

नियम क्रमांक तीन एका दमात तीनदा मोडला.

"मग नखरेल?" समाधान पुढे आला. "तो मी नाही?"

"नाही हो दादा, तो ब्राझीलचा आहे!"

"ब्राझीलचा?" समाधानला सुटल्याचा आनंद झाला, की आपण ब्राझीलचे नाही याचं वाईट वाटलं, ते कळलं नाही. तो ओल्या केसांना हात लावत राहिला.

श्रावस्तीने पाच वेळा सॉरी म्हटलं. प्रणिताताईने सात वेळा. मानस म्हणाला, "एकीकडे आमची चूक..." आणि श्रावस्तीने त्याच्या पायावर पाय दिला. पण खंडेराव हसले नाहीत. खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

"वय किती त्याचं?"

"छत्तीस."

"छत्तीस! आणि म्हातारा? मग मला काय पुरातत्त्व खात्यात ठेवता?" त्यांनी गुडघा चोळला. "त्याला सांगणार कोण?"

"क्लब... मेल पाठवतो."

"समोर येऊन कुणी नाही?"

घडी घातलेला एप्रन अजून टेबलावरच होता. त्याच्या कोपऱ्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा. इतक्या वर्षांच्या मॅचेसमध्ये त्या गोलकीपरने कुठेतरी असेच हात पुसले असतील, असा एक विचार श्रावस्तीच्या मनात आला आणि तिला तो अजिबात आवडला नाही.

"ताई, लॅपटॉप दे," ती म्हणाली. "म्हाताऱ्या... कॅप्टनचे तीस लाख अठरावर आणू. राहू दे त्याला. मिझोरमच्या पोरांना शिकवेल. बसतं?"

प्रणिताताईने बोटं चालवली. "बसतं. काठोकाठ!"

"मीही येतो," खंडेराव उठले. "जेवणं आटोपलीत. म्हाताऱ्याच्या बाजूने एक तरी म्हातारा नको?"

चार वाजता श्रावस्ती हॉलमध्ये उभी राहिली. ब्लेझर नव्हता. टी-शर्टवर आमरसाचा डाग होता. समोर ऐकायला आलेले चाळीस दादा-काका, पहिल्या रांगेत पिठाने माखलेले खंडेराव, आणि टेबलामागे टाय लावलेले मॅनेजमेंटचे एक साहेब. आकडेवारीचा कागद तिने उघडलाच नाही.

"घुटने गए हैं, मानती हूँ," ती म्हणाली. "जनवरी में हाथ से छूटी, वो भी मानती हूँ. पर सर, जो आदमी पीछे खड़ा रहता है ना, उसको पूरा मैदान दिखता है!" आणि मग जे सुरू झालं, ते थांबलंच नाही. दोन मिनिटं फक्त कॅप्टन! अठरा कसे, का, कितीसाठी. शेवटी ती म्हणाली, "निकालना है तो मेल मत भेजिए. सामने आकर बोलिए!"

हॉल उसळला. खंडेराव खुर्चीवर उभे राहिले, गुडघ्यांसकट. "बच्ची है" लिहिणाऱ्या काकांनी तर शिट्टी मारली!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बेटा, बहुत बढ़िया बोली. दिल को छू गया. पर कैप्टन साहब तो मंगलवार को ही कोलकाता चले गए. डेढ़ गुने पैसे पर. हमने रोका था. उन्होंने फोन ही नहीं उठाया."

काकांची शिट्टी अर्ध्यात हवा गेलेल्या टायरसारखी झाली.

"अच्छा," श्रावस्ती म्हणाली. "तो... बाकी लिस्ट?"

"टाइम हो गया, बेटा."

बाहेर आल्यावर सगळे मेट्रोकडे चालू लागले. बाराखंबाच्या सिग्नलपाशी खंडेरावांनी विचारलं, "दीडपट?"

"हो काका."

"गुडघे तेच?"

"तेच."

"हं," खंडेराव म्हणाले आणि लंगडत, पण बरेच वेगात निघून गेले.

पुढच्या रविवारी श्रावस्ती 'गोदाकाठ'ला माफी मागायला गेली. या वेळी "दादा, एक थाळी" असं मराठीत म्हणाली. समाधानने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग सांगितलं, की बुधवारी खरी समिती आली होती. तिने चष्मे लावून कागद काढले, तोच खंडेराव हात पुसत बाहेर आले आणि समितीने तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मला कोलकात्याहून विचारणा आहे." एवढंच. समितीने एकमेकांकडे पाहिलं, पाणी मागवलं, आणि पाणी येण्याआधी खंडेरावांचा पगार वाढला, दोन वर्षांचा करार झाला, शिवाय बसायला उंच स्टूल मंजूर झालं!

आता फॅन क्लबच्या ग्रुपवर कुणी खवचटपणे विचारलं, की "मैडम, आपकी लिस्ट का क्या हुआ?" तर श्रावस्ती ताठ मानेने लिहिते, "एक रिटेन हुआ!"

कोण, ते सांगत नाही.